दराचे चिन्ह

संगणकावरील टपालाचा आपला पत्ता दुसऱ्यास सांगताना आपण मध्येच ‘ॲट द रेट’ म्हणतो. रोमन लिपीचे पहिले अक्षर आणि त्याने स्वतःभोवतीच घातलेला शेपटीचा वेढा, असे ते चिन्ह. पत्त्यात दर कसला आला, असा प्रश्न आम्हांला पडला आणि त्याचा माग काढीत आम्ही सोळाव्या शतकातील व्यापाऱ्यांपर्यंत जाऊन पोहोचलो.

फ्लॉरेन्सचा व्यापारी फ्रान्चेस्को लापी याने १५३६ साली स्पेनमधील सेव्हिलहून रोमला एक पत्र धाडले. त्यात मद्याचा भाव कळवताना त्याने हे चिन्ह योजले आहे. तेथे त्याचा अर्थ ‘अँफोरा’, म्हणजे दोन कानांचा मातीचा रांजण. पुढे तेच मापाचे नाव झाले. स्पेनमध्ये या चिन्हास ‘अरोबा’ म्हणतात. अरोबा हे सुमारे साडेअकरा किलोंचे जुने वजन. शब्द मूळचा अरबी, अर्थ ‘चौथा हिस्सा’. चार चरणांच्या ‘रुबाई’चे मूळही याच धातूत आहे. इंग्रज व्यापाऱ्याच्या चोपडीत हे चिन्ह दराचे झाले: बारा पोती, दर पोत्यास अमुक. तेथून ते टंकलेखन यंत्रावर चढले, आणि आमच्याकडील कारकून ते ‘ॲट द रेट ऑफ’ असे वाचू लागला.

१९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र धाडण्याची सोय केली. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये काही खूण हवी होती. कोणाच्याही नावात न येणारे हे चिन्ह त्यांनी कळफलकावरून उचलले. ‘अमुक ठिकाणी’ हा त्याच्या इंग्रजी उच्चाराचा अर्थही नेमका जुळला.

मग हे चिन्ह देशोदेशी गेले आणि ज्याने त्याने ते आपल्या डोळ्यांनी पाहिले. इटालियनास त्यात गोगलगाय दिसली, डच माणसास माकडाचे शेपूट, डॅनिश माणसास हत्तीची सोंड, हंगेरियनास अळी. ग्रीक त्याला बदकाचे पिल्लू म्हणतो, तर रशियन कुत्रा. झेक लोकांना त्यात गुंडाळी करून मुरवलेला मासा दिसला!

आणि आम्ही? स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरणचिन्ह अशी सुबक नावे घडवणाऱ्या मराठीने येथे उसनवारीच केली, याची आम्हांला प्रथम खंत वाटली. तथापि थोडा विचार करता निराळेच ध्यानात आले. इंग्रज स्वतः आज नुसते ‘ॲट’ म्हणतो. दराची आठवण त्याच्या बोलण्यातून गेली. ती आमच्या बोलण्यात टिकली आहे. बाजारातील तो जुना हिशेब आपण नकळत रोज उच्चारतो, हे काही थोडे नव्हे.

परंतु जुनी आठवण जपणे वेगळे आणि आपल्या डोळ्यांनी पाहणे वेगळे. ज्यांच्या घरी दिवाळीला चकली पडते, त्यांना हा वेढा ओळखीचा वाटू नये काय?