फोर्कच्या २७ ओळी

मागच्या शुक्रवारी, अगदी निघायच्या वेळेला, माझ्या एका पायथन स्क्रिप्टने मान टाकली. चाळीस थ्रेड्स, प्रत्येकाने एक चिमुकली शेल कमांड चालवायची, बस्स. एकटी चालवली की कमांड चुटकीसरशी संपते, पण थ्रेड्स वाढवावे तसा कारभार आणखीच ढेपाळत गेला. मी ठामपणे डिस्कला दोष दिला आणि स्टोरेज सांभाळणाऱ्या बिचाऱ्या पोराचा शनिवार खाल्ला. खरा गुन्हेगार निघाला १९६९ सालचा!

त्या वर्षी बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन पीडीपी-७ वर युनिक्स लिहीत होता. नवी प्रोसेस जन्माला घालायची कशी? फोर्कची कल्पना बर्कलीच्या टाइमशेअरिंग सिस्टिममध्ये आधीपासून होती. थॉम्पसनच्या फोर्कने चालू प्रोसेसची हुबेहूब नक्कल करायची, मग नकलेने हवा तो प्रोग्रॅम अंगावर चढवायचा. प्रोसेस डिस्कवर टाकायची सोय तयारच होती, त्यामुळे हे काम असेंब्लीच्या २७ ओळींत उरकलं, असं डेनिस रिचीने पुढे लिहून ठेवलंय. नक्कल करायला तेव्हा होतंच काय म्हणा!

पुढे प्रोसेस फुगल्या. १९७९ च्या ३बीएसडीने व्हीफोर्क आणला: नक्कलच नको, पोर आपला प्रोग्रॅम सुरू करेपर्यंत आईने थांबायचं. मग कॉपी-ऑन-राइट आलं, आणि 'फोर्क स्वस्त असतो' हे आम्ही कॉलेजात घोकलं. पण मेमरी कॉपी झाली नाही तरी तिचा नकाशा, म्हणजे पेज टेबल, कॉपी होतोच. माझ्या स्क्रिप्टने ८ जीबीची डिक्शनरी पोटात घेतली होती. ४ केबीचं एक पान धरलं तर जवळपास २१ लाख पानं, नकाशाच १६ एमबीचा. तोही प्रत्येक कमांडला! तो उतरवताना प्रोसेसच्या मेमरीला कुलूप, बाकीचे थ्रेड्स नवी मेमरी मागत दाराशी उभे. वर त्यानंतर प्रत्येक पानावरच्या पहिल्या लिखाणाला पेज फॉल्टचा दंड.

(नशीब, नुसतं मंदावलं. फोर्क केल्यावर पोरात एकच थ्रेड जिवंत राहतो. दुसऱ्या थ्रेडने लॉक धरून ठेवला असेल तर पोरात तो कायमचा बंद.)

२०१९ मध्ये काही संशोधकांनी फोर्कला आता निवृत्त करा, असा पेपरच लिहिला. २०२१ च्या पायथन ३.१० पासून लिनक्सवर जमेल तिथे व्हीफोर्क वापरला जातो. आमच्या सर्व्हरवर अर्थातच जुनं व्हर्जन. मग डिक्शनरी लोड व्हायच्या आधीच एक सडपातळ मदतनीस प्रोसेस सुरू केली, कमांड्स तिच्याकडे सोपवल्या, आणि गाडी पळाली.

माझ्या ३१ ओळी झाल्या, थॉम्पसनपेक्षा चार जास्त. सोमवारी त्या पोराला मिसळ खिलवली, एक्स्ट्रा पावासकट.