तळटीप : वळणावरचा आरसा

* बंगळुरात बनशंकरीतल्या गल्लीच्या वळणावर लावतात तसला आरसा बहिर्गोल असतो. त्यावरून परतणारे किरण पसरतात, म्हणून प्रतिमा आरशामागे भासते. ती कायम सुलटी आणि लहान. वक्रता त्रिज्या घरीही काढता येते. आरसा पाटावर उताणा ठेवून मधला फुगवटा काठापेक्षा किती उंच आहे ते मोजावे. निम्म्या व्यासाचा वर्ग अधिक फुगवट्याचा वर्ग, भागिले फुगवट्याची दुप्पट. व्यास ६० सेंमी आणि फुगवटा ५ सेंमी असेल, तर त्रिज्या ९२.५ सेंमी येते. नाभीय अंतर तिच्या निम्मे, सुमारे ४६ सेंमी. अशा आरशात १० मीटरवरची सव्वा मीटर उंचीची स्कूटर जेमतेम साडेपाच सेंमीची दिसते आणि दूर वाटते. म्हणून त्यावरून अंतराचा अंदाज बांधू नये, वेग आधी कमी करावा.

अंतर्गोल आरशाचे काम उलट, किरण एकवटण्याचे. कोरमंगलच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या कावलूर येथील वेणू बाप्पू दुर्बिणीचा मुख्य आरसा २.३४ मीटर व्यासाचा आहे. तो घासून घडवला बंगळुरातच.