नेटवर्क सिम्युलेटर

संगणकजाळे प्रत्यक्ष न उभारता त्याचे वर्तन संगणकावर तपासण्याचे प्रायोगिक सॉफ्टवेअर. यांतील ‘एनएस’ ही मुक्त मालिका सर्वाधिक परिचित. १९८९ मध्ये ती श्रीनिवासन केशव यांच्या ‘रिअल’ या सिम्युलेटरमधून निघाली. एनएस-२ मध्ये गाभा सी++ चा व मांडणीची भाषा ओटीसीएल. ही दुहेरी कसरत नवख्याला हैराण करते. नव्याने लिहिलेल्या एनएस-३ ची पहिली आवृत्ती २००८ मध्ये आली.

कुसगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला जवळच्या द्रुतगती मार्गावरील मोटारींचा परस्पर बिनतारी संवाद अभ्यासायचा, तर पन्नास गाड्या कोण देणार? सिम्युलेटरमध्ये त्या चार ओळींत धावतात. एनएस-२ च्या ट्रेस फाइलमधील प्रत्येक ओळ एका घटनेची : ‘एस’ म्हणजे पॅकेट निघाले, ‘आर’ म्हणजे पोचले, ‘डी’ म्हणजे गळाले.

मात्र सिम्युलेटरमधील ‘टू-रे ग्राउंड’ हे लहरप्रसाराचे प्रारूप जमीन सपाट धरते. याच मार्गावरचा खंडाळ्याचा घाट त्यात बसत नाही. म्हणून निष्कर्ष प्रत्यक्ष चाचणीवर पारखावे लागतात. दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरपट्ट्यांवर खेड्यांत इंटरनेट पोचवण्याची अशी चाचणी आयआयटी मुंबईने पालघर जिल्ह्यातील खामलोली परिसरात केली.