कुठवर खरवडू, मालक?

मुळशी खोऱ्यात धरणाच्या पाण्याच्या वर राहिलेला कुठलाही जुना वाडा घ्या. आज तो तुमचा आहे. मे महिना आहे. परांचीवरचा मिस्त्री छिन्नी थांबवून विचारतो, "कुठवर खरवडू, मालक?"

तुम्ही सांगता, पूर्वी होता तसा कर. पूर्वी म्हणजे कधी, हे तुम्हालाही ठाऊक नसतं. तो घाव घालतो.

सिमेंटचा पापुद्रा सुटतो आणि तुम्ही चाळीसेक वर्षं मागे जाऊन पडता. अंगणात पोती, घमेली, कालवलेला माल. घरातली माणसं खुशीत. दर वर्षी लिंपायला नको आता! तुम्हाला ओरडावंसं वाटतं, की मातीची भिंत पावसाळ्यात पाणी पिते आणि उन्हाळ्यात सोडते, तिचं तोंड बांधू नका. ओल आत कोंडेल, भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं कुजतील. ऐकणार कोण? ताम्हिणी घाटाकडून येणारा पाऊस या माणसांनी जन्मभर झेललाय. त्यांना अडाणी ठरवायची घाई तुम्ही तरी करू नका.

आणखी एक घाव. १ एप्रिल १९५७. कुळवहिवाट कायद्यानं आजपासून कसणारी कुळं जमिनीची मालक. माजघरात कुणीतरी चोपड्या उघडून बसलंय. खंडाचं भात यायचं बंद झालंय आणि वर नळीची कौलं आहेत. ती दर उन्हाळ्यात परतावी लागतात. त्याला पैसे लागतात, हात लागतात. बिनबोभाट राबणारे हात आता स्वतःच्या खाचरात आहेत. गळती इथून सुरू होते. वाड्याबाहेरच्या माहितीफलकावर हे कुणी लिहीत नाही. तिथं बहुतेक वेळा 'काळाच्या ओघात' असं छापून मोकळे होतात.

पिवळा रंग, त्याखाली काजळी, त्याखाली चुन्याची निळसर सफेती. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. दिंडीदरवाजातून बाहेर पडा. समोर तलाव नाहीच. उतरत जाणारी खाचरं आहेत, राब भाजून काळी पडलेली. पावसाळ्यात इथं आंबेमोहोर डोलेल. अजून पुढं गावं, देवळं, आमराया. तुम्हीही गर्दीबरोबर मुळा-निळेच्या संगमाकडं निघता. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांची कंपनी इथं बांध घालतेय. परवानगी न विचारता तिनं लोकांच्या शेतात चर खणले, तिथून हा सत्याग्रह पेटला. हजाराहून जास्त माणसं कामावर जाऊन बसतात. बाया आहेत, पोरं आहेत. काम थांबतं. तुमच्या शेजारचा मावळा हसतो आणि तुम्हाला पुढचं सगळं ठाऊक असूनही तुम्ही हसता.

संध्याकाळी वाड्यात परत या. सोप्यावर वेगळीच बोलणी चाललीत. खोऱ्यातली बरीच जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावावर आहे आणि त्यांच्यातले पुष्कळजण मोबदल्याचा आकडा वाढवून घ्यायच्या बेतात आहेत. कसणाऱ्याला जमीन हवी, कागदावरच्या धन्याला रक्कम. तुमच्या वाड्याच्या या सोप्यावर तेव्हा कोण बसलं होतं? पुढं सत्याग्रहात अशी फूट पडत गेली. १९२४ साली पांडुरंग महादेव बापटांनी, म्हणजे सेनापती बापटांनी, हाती पिस्तूल घेऊन कंपनीची रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. बांध झाला. पन्नासएक गावं पाण्याखाली गेली आणि पाणी सह्याद्री उतरून कोकणात भिऱ्याला वीज करू लागलं.

छिन्नी अजून खाली जाते. आता बैल दिसतो, दगडी चाक, गोल चरात रगडली जाणारी चुन्याची घाणी. चुना, वाळू, हिरड्याचं पाणी, गूळ. तळखड्यांवर सागाचे खांब उभे राहतायत, वर केळफुलं कोरलेली. इथंच थांबावं असं वाटतं ना? सगळ्यांनाच वाटतं. म्हणून तर दुरुस्त केलेले वाडे बहुधा याच काळात नेऊन बसवलेले दिसतात: समया, पितळी घंगाळं, पैठणीचे पडदे. पण इथंही चुना मळणारा ओसरीच्या पायरीखाली बसून भाकरी खातोय.

परत या. मिस्त्री वाट बघतोय.

सिमेंट सगळं काढायचं. ते भिंत मारतंय. तुळयांची कुजकी टोकं तेवढी कापून नवा साग सांधायचा आणि त्याला जुना रंग फासायचा नाही, नवा आहे तो नवाच दिसू दे. कौलं नंतर कुणीतरी मंगलोरी घातली, ती राहू देत. सोप्याच्या एका खणातले रंगांचे सगळे थर आहेत तसेच ठेवायचे. आणि कुळं जिथं बसायची ती पायरी झिजून खोलगट झालीय; तिच्यावर फरशी बसवायची नाही, मग पाहुणे अडखळले तरी चालेल.

"घाणीला हिरडा किती आणू?" तो विचारतो.

"पोतंभर. आणि कौलं मृगाच्या आत चढली पाहिजेत."

"मृगाचं मी सांगत नाही मालक, आधी सुतार मिळवा."