लिस्ट व्ह्यूसाठी स्वतःचं डेटा मॉडेल: यादी दाखवायची कशी आणि चुकते कुठे?

फोनमध्ये हजार कॉन्टॅक्ट असले तरी यादी झरझर सरकते. कारण फोन हजार ओळी बनवतच नाही. स्क्रीनवर दिसणाऱ्या दहा-बारा ओळी बनवतो आणि त्याच पुन्हा पुन्हा वापरतो. अँड्रॉइडमध्ये हे काम रीसायकलर व्ह्यू आणि त्याचा ॲडॅप्टर करतात. कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये हीच कल्पना 'मॉडेल-व्ह्यू' म्हणून भेटते. तिचं मूळ १९७९ सालचं. ट्रिग्वे रीनस्काउग यांनी झेरॉक्स पार्कमध्ये 'मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर' रचना मांडली. आज आपण क्यूट हे टूलकिट घेऊन ती समजून घेऊ. तुम्ही पायथनमधून पायसाइड वापरत असाल तरी सगळं असंच चालतं.

मॉडेल म्हणजे काय?

माहिती सांभाळतो तो मॉडेल, ती दाखवतो तो व्ह्यू. व्ह्यू विचारतो, मॉडेल उत्तर देतं. क्यूटमध्ये 'क्यू-ॲबस्ट्रॅक्ट-लिस्ट-मॉडेल' या क्लासवरून आपला क्लास बनवायचा आणि किमान दोन फंक्शन लिहायची:

१. रो-काउंट: एकूण ओळी किती?
२. डेटा: अमुक ओळीत, अमुक 'रोल'साठी काय आहे?

रोल म्हणजे प्रश्नाचा प्रकार. डिस्प्ले रोल आला तर मजकूर द्या, डेकोरेशन रोल आला तर आयकॉन. आपल्याला हवे तसे जास्तीचे रोलही बनवता येतात, त्यांचे आकडे युजर रोलपासून पुढे सुरू करायचे. ज्या रोलचं उत्तर नाही, तिथे रिकामी किंमत परत करा. सगळ्या रोलना मजकूरच दिलात तर रंग, फाँट यांच्या जागीही नावच जाईल!

बदल झाला की सांगा

मॉडेलमध्ये गुपचूप बदल केला तर व्ह्यूला कळत नाही. नवी ओळ घालण्याआधी 'बिगिन-इन्सर्ट-रोज' आणि नंतर 'एंड-इन्सर्ट-रोज' बोलवायलाच हवं. मोजणी ० पासून असते, म्हणजे ४०० ओळींच्या शेवटी एक ओळ घालताना पहिली आणि शेवटची दोन्ही ४००. असलेल्या ओळीतली माहिती बदलली तर 'डेटा-चेंज्ड' सिग्नल पाठवा.

माझी फजिती

मी मलकापूरचा. आमच्याकडच्या एका दूध संकलन केंद्रासाठी मी सभासदांची यादी दाखवणारं छोटं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. नावं अकारविल्हे लावायला 'क्यू-सॉर्ट-फिल्टर-प्रॉक्सी-मॉडेल' मध्ये बसवलं. यादी छान दिसायला लागली. पण सकाळच्या गर्दीत एकाचं दूध दुसऱ्याच्या खात्यावर चढलं. दहा दिवसांनी पगाराच्या वेळी ते उघड झालं.

चूक माझीच होती. क्लिक झालेल्या ओळीचा नंबर घेऊन मी थेट मूळ यादीत हात घातला. पण प्रॉक्सीतली पाचवी ओळ मूळ यादीत पाचवीच असेल असं नाही. उपाय दोन आहेत. एक, 'मॅप-टू-सोर्स' वापरून मूळ ओळ शोधायची. दुसरा, जो मी आता नेहमी वापरतो: सभासद क्रमांकासाठी वेगळा रोल बनवायचा आणि क्लिक झालेल्या इंडेक्सला तोच विचारायचा. प्रॉक्सी हा प्रश्न आपणहून बरोबर ओळीकडे पोचवतो. ओळीचा नंबर ही फक्त जागा आहे, माणसाची ओळख नाही.

मराठी नावांची गंमत

साध्या तुलनेत कॉम्प्युटर युनिकोडचे आकडे बघतो. तिथे ळ हा ल च्या लगेच पुढे आहे, म्हणून 'काळे' हे 'कासार'च्या आधी येतात. आपल्या वर्णमालेत मात्र ळ हा ह नंतर. 'क्षीरसागर' तर 'कोळी' आणि 'खोत' यांच्या मध्येच जाऊन बसतात, कारण युनिकोडसाठी क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. म्हणून प्रॉक्सीचं 'लेस-दॅन' फंक्शन स्वतः लिहा आणि त्यात मराठी लोकॅल दिलेला 'क्यू-कोलेटर' वापरा. मग तुमच्या कॉम्प्युटरवर चार नावं टाकून क्रम एकदा तपासा.

यादी मोठी असेल तर

सगळ्या ओळींची उंची सारखी असेल तर लिस्ट व्ह्यूमध्ये 'युनिफॉर्म-आयटम-साइझेस' चालू करा, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी मोजली जात नाही. 'डेटा' फंक्शन सतत बोलावलं जातं, म्हणून त्यात फाइल वाचणं किंवा डेटाबेसला विचारणं टाळा.

सुरुवात वीस नावांच्या यादीपासून करा. क्रम उलटा लावा, मधल्या ओळीवर क्लिक करा आणि बरोबर माणूस उघडतो का बघा. ही चाचणी मी आधी केली असती तर केंद्रावर दहा दिवसांचा हिशोब वहीतून पुन्हा जुळवावा लागला नसता.