तबकडीवरचें नांव

मुळा-मुठेच्या कांठीं लोणी काळभोर येथें राज कपूर यांची ‘राजबाग’ होती. १९७८ सालच्या ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’ या बोलपटाचें बरेंच चित्रण तेथें झालें. पुढें बाग शिक्षणसंस्थेकडे गेली. त्या बोलपटाचीं गाणीं मात्र तबकडीवरून कॅसेटवर, तेथून सीडीवर आणि अखेर संगणकांत, अशीं बिऱ्हाडें बदलीत राहिलीं. प्रत्येक स्थलांतरांत सूर बरोबर गेले; नांवगांव वाटेंत गळण्याचें भय मात्र कायम राहिलें.

हें भय ध्वनिमुद्रणाइतकेंच जुनें आहे. १९०२ सालीं फ्रेड गायस्बर्ग यांनीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें. त्या काळीं तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें तयार होत. तेथील कारागिरांस गायिका कोण हें कळावें, म्हणून गाण्याच्या शेवटीं त्या स्वतःचें नांव इंग्रजींत उच्चारीत. नांवाची चिठ्ठी अशी सुरांनाच जोडलेली होती.

१९८२ सालीं फिलिप्स व सोनी यांची सीडी बाजारांत आली. तींत दर सेकंदास ४४,१०० वेळां मोजलेला ध्वनि अंकरूपानें सांठविलेला असतो; परंतु साधारण सीडींत गाण्याचें नांव नसतें. गाणीं किती व प्रत्येक कोठून सुरू होतें, एवढीच नोंद असते. या नोंदीवरूनच सीडी ओळखून नांवें पुरविणारी ‘सीडीडीबी’ ही सूचि १९९३ च्या सुमारास निघाली. तींतील नांवें हौशी लोकांनीं आपापल्या घरीं टंकलेलीं होतीं. पुढें ती एका कंपनीच्या ताब्यांत गेली, तेव्हां ‘फ्रीडीबी’ व ‘म्युझिकब्रेन्झ’ या खुल्या सूचि उभ्या राहिल्या.

सीडी संगणकांत उतरविण्याच्या साधनांत १९९८ सालच्या ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’नें नवा धडा घातला. तें प्रत्येक तुकडा किमान दोनदां वाचतें आणि वाचनें जुळलीं नाहींत तर तोच तुकडा पुन्हां वाचून पाहतें. ओरखडे पडलेल्या सीडीस हाच मार्ग हितकर होय. सांठवणीसाठीं २००१ सालीं आलेला ‘फ्लॅक’ हा प्रकार योग्य, कारण त्यांत मूळ ध्वनींतील कांहींच गळत नाहीं. एमपी३ जागा पुष्कळ वांचवितो, पण ध्वनीचा कांहीं अंश टाकून.

खरी अडचण नांवांची. १९९६ सालच्या ‘आयडी३’ चिठ्ठींत शीर्षकास अवघीं ३० अक्षरें, तीं देखील रोमन, मिळत. दोन वर्षांनीं आलेल्या दुसऱ्या आवृत्तीनें देवनागरीस वाट करून दिली. तरी रागाचा, तालाचा वा नाटकाचा रकाना तींत नव्हताच. १९१६ सालच्या ‘स्वयंवर’ नाटकाचीं पदें खाडिलकरांचीं, चाली भास्करबुवा बखले यांच्या, गळा बालगंधर्वांचा. एकट्या ‘कलाकार’ या रकान्यांत हीं तिन्ही नांवें कशीं मावावीं? शिवाय एकानें ‘बालगंधर्व’ आणि दुसऱ्यानें ‘नारायण श्रीपाद राजहंस’ लिहिलें, तर संगणकाच्या लेखीं एकाच गवयाचे दोन गवई होतात.

म्हणून साधन निवडतांना मुख्यतः दोन गोष्टी पाहाव्या : देवनागरी बिनचूक राहते काय, आणि आपले रकाने घालतां येतात काय. ‘एमपी३टॅग’ व ‘पिकार्ड’ यांत दोन्ही साधतें. मात्र साधन कितीहि चांगलें असलें, तरी घरांतील जुन्या मैफलीच्या मुद्रणावर कोण गातो आहे, हें कोणत्याहि सूचींत सांपडत नाहीं. तें घरांतील वडीलधाऱ्यांनाच ठाऊक असतें, आणि त्यांना विचारून लिहून घेण्यास मिळणारा अवधि सीडीच्या आयुष्याहूनहि थोडा असूं शकतो.