वादळाच्या पुढे पुढे

हडपसरला ग्लायडिंग शिकवत होतो तेव्हा एप्रिल-मेमध्ये माझी एक नजर कायम पुरंदरच्या बाजूला असे. तिकडे ढग उभा चढायला लागला, त्याचा माथा ऐरणीसारखा पसरला, की विंच बंद आणि ग्लायडर हँगरमध्ये. पोरं हिरमुसायची. मग चहा मागवून मी त्यांना वासरकुप्पेची हकीकत सांगायचो.

जर्मनीतल्या ऱ्होन डोंगरांमधला हा 950 मीटर उंचीचा बोडका माथा. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनांच्या इंजिनाच्या विमानांवर कडक निर्बंध आले. तेव्हा ‘फ्लुगस्पोर्ट’ मासिकाचे संपादक ऑस्कर उर्सिनुस यांनी 1920 मध्ये इथे बिनइंजिनाच्या विमानांची स्पर्धा भरवली. उड्डाणाची तऱ्हा अशी : ग्लायडरच्या नाकाला जाड रबरी दोर अडकवायचा, त्याची दोन टोकं धरून दोन टोळ्या उताराच्या दिशेने फाकत जायच्या, शेपटी मागच्यांनी घट्ट धरून ठेवायची. आधी ‘ताणा’, मग ‘पळा’, शेवटी ‘सोडा’. शेपटी सुटली की ग्लायडर कड्यावरून हवेत. वारा उताराला धडकून वर चढतो, त्या पट्ट्यात येरझारा घालायच्या. डोंगर संपला की आधारही संपला. त्यामुळे तासन्‌तास हवेत राहणारेसुद्धा फार लांब जाऊ शकत नव्हते.

12 ऑगस्ट 1926 रोजी माक्स केगेल वादळ अंगावर येत असताना उडाला आणि ढगाने त्याला आत ओढून घेतलं. आत शिरल्यावर वर-खाली कळत नाही. ढगात डोळे आणि कान दोन्ही फसवतात, आणि त्या काळी ग्लायडरमध्ये त्यावर उतारा ठरेल असं एकही उपकरण नव्हतं. केगेल बाहेर पडला, सुखरूप उतरला, तेव्हा वासरकुप्पे 55 किलोमीटर मागे राहिली होती. तो विक्रम ठरला, आणि केगेलला ‘वादळी माक्स’ हे नाव कायमचं चिकटलं.

पोरांना ही गोष्ट इथेच संपावी असं वाटे. मला मात्र पुढचीच मोलाची वाटते. हवामानशास्त्रज्ञ वाल्टर गेओर्गी आणि त्यांच्याबरोबरचे वैमानिक या उड्डाणाच्या कारणामागे लागले. वादळातून खाली कोसळलेली थंड हवा जमिनीलगत पुढे सरकते आणि समोरच्या गरम हवेला उचलते. म्हणजे वादळाच्या पुढ्यात चढत्या हवेचा लांबच लांब पट्टा तयार होतो. ढगात न शिरता त्या पट्ट्यात राहिलं, तर डोंगर मागे पडला तरी चालतं.

पण हवा चढते आहे हे ओळखायचं कसं? ऑस्ट्रियाचा रोबर्ट क्रोनफेल्ड व्हेरिओमीटर वापरू लागला. त्याचं तत्त्व साधं आहे : थर्मासची बाटली आणि तिला बाहेरच्या हवेशी जोडणारी बारीक नळी. वर चढताना बाहेरचा दाब उतरतो, बाटलीतली हवा नळीतून निसटते, काटा हलतो. शरीराला सतत चढण्या-उतरण्याची चाहूल लागत नाही, काट्याला लागते. 1929 मध्ये क्रोनफेल्ड ‘वीन’ नावाचं ग्लायडर घेऊन वादळी ढगांच्या साथीने जवळजवळ दीडशे किलोमीटर गेला. 1931 च्या मेमध्ये ग्युंटर ग्रोनहॉफ ‘फाफ्निर’मधून म्युनिकहून निघाला आणि वादळाच्या आघाडीबरोबर चेकोस्लोव्हाकियात 272 किलोमीटरवर उतरला. पाच वर्षांत 55 वरून 272!

याची किंमतही मोजावी लागली. 1932 मध्ये क्रोनफेल्डचं 30 मीटर पंखांचं ‘ऑस्ट्रिया’ ढगात मोडलं. तो पॅराशूटने वाचला. त्याच वर्षी जुलैत वासरकुप्पेवर ग्रोनहॉफने बिघडलेल्या फाफ्निरमधून उडी टाकली, पण पॅराशूट उघडायला उंची पुरली नाही. तो तेवीस वर्षांचा होता. नाझी सत्तेवर आल्यावर ज्यू असलेल्या क्रोनफेल्डला जर्मनी सोडावी लागली. तो ब्रिटनमध्ये स्थायिक झाला आणि 1948 मध्ये तिथे बिनशेपटीच्या ग्लायडरची चाचणी घेताना गेला.

केगेलच्या धाडसाबद्दल मला आदर आहे. पण वादळाच्या तावडीतून वाचणं वेगळं आणि त्याच्या आघाडीवर समजून-उमजून उडणं वेगळं. ते दुसरं क्रोनफेल्ड आणि ग्रोनहॉफने करून दाखवलं, म्हणून माझ्या लेखी या इतिहासात त्यांची नावं केगेलच्या आधी येतात.